एका उन्हाळ्याची उधारी

उन्हाळा हा एक ऋतू आहे, असे भूगोलाच्या पुस्तकात छापलेले असते. मी मराठी शिकवतो, भूगोल नव्हे. तेव्हा या बाबतीत थोडे निराळे मत बाळगण्याची मुभा मला असावी. माझ्या मते हिवाळा आणि पावसाळा हे ऋतू आहेत. उन्हाळा ही एक वृत्ती आहे. शाळेच्या दिवसांत ती दरवर्षी न चुकता येते, कॉलेजात असताना परीक्षेला वळसा घालून येते, आणि माणूस नोकरीला लागला की एकदाच, निरोप घ्यायला आल्यासारखी येऊन जाते. त्यानंतर येते ते नुसते ऊन. मग आपण पंख्याच्या पात्यांवरची धूळ पुसतो, विजेच्या बिलाकडे पाहून सुस्कारा टाकतो आणि पन्हे आंबट झाले म्हणून बायकोशी वाद घालतो. याला कोणी उन्हाळा म्हणत असेल तर म्हणो बापडा!

माझा तो निरोपाचा उन्हाळा २००४ सालचा. एकवीस वर्षांनी तो उकरून काढण्याचे काम माझ्या भाच्याने केले, आणि तेही नकळत.

हा भाचा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. वय चोवीस. हिंजवडीला कुठल्याशा कंपनीत दिवसभर संगणकापुढे बसतो आणि वाकडला चार मित्रांबरोबर बिऱ्हाड करून राहतो. २०२५ च्या मे महिन्यात मी आईला भेटायला गावी निघालो होतो. पाटण तालुक्यातले आमचे गाव लहानसे. आई तिथे घर आणि आंब्याची सात झाडे सांभाळून राहते. गाडीत जागा होती, म्हणून भाच्याला विचारले, "येतोस का रे आजीकडे?"

"या महिन्यात नाही जमणार मामा. फार गडबड आहे."

मी समजूतदारपणे मान डोलावली. नवी नोकरी म्हटल्यावर गडबड असायचीच. पण त्याच रात्री आमच्या सौभाग्यवतींनी आपला मोबाईल माझ्या नाकापाशी आणून धरला आणि म्हटले, "ही बघा तुमच्या भाच्याची गडबड."

पाहतो तो काय! एका छायाचित्रात स्वारी हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याची पार्श्वभूमी घेऊन उभी. दुसऱ्यात कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक, पण तो ताटलीत नसून ह्याच्या गालांवर. तिसऱ्यात कोल्हापूरला मित्राच्या लग्नात भगवा फेटा बांधून हा वरातीच्या अग्रभागी नाचतो आहे. चौथ्यात भर पावसात रस्त्याकडेच्या टपरीवर चहा. कारण त्या वर्षी पावसालाही तरुणाईची हुक्की आली होती आणि तो २६ मे रोजीच मुंबईत येऊन थडकला होता.

"मामा म्हणून तुमचं काही कर्तव्य आहे की नाही?" सौभाग्यवती म्हणाल्या. "तिकडे आई बिचाऱ्या वाटेकडे डोळे लावून बसतात आणि हा इकडे फेटे बांधून नाचतोय. चार शब्द सुनवा त्याला."

चार शब्द सुनावण्याचा तर मी महिन्याला पगार घेतो. मी घसा साफ केला, फोन हाती घेतला, पहिले वाक्य मनात जुळवले: "अरे, मोठ्या माणसांना असं खोटं..." आणि तिथेच अडकलो. फोन खाली ठेवला. बायकोला वाटले, लागला नसेल.

२००४ साली मीही चोवीस वर्षांचा होतो. मराठी घेऊन एम.ए. झालो होतो आणि पुण्यातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होतो. हे तत्त्व ज्यांना ठाऊक नाही ते सुखी. जितके तास घ्यावेत तितक्याच तासांचे पैसे, असा त्याचा मथितार्थ. रविवारी पैसे नाहीत, दिवाळीत नाहीत आणि उन्हाळ्याच्या सुटीत तर नाहीतच नाहीत. कायम प्राध्यापकांना मे महिन्यात पगार मिळायचा. आम्हांला नुसता मे महिना मिळायचा.

राहायला सदाशिव पेठेत 'कॉट बेसिस'वर होतो. एका खोलीत चार कॉट, चार माणसे, चार ट्रंका आणि एक खिडकी. मालकीणबाईंना आम्ही काकू म्हणत असू. काकूंनी दाराच्या आतल्या बाजूला नियमांचा एक कागद डकवला होता. त्यात एकंदर सतरा कलमे होती आणि त्यांतले शेवटचे असे होते: 'वरील नियमांत न बसणारी कोणतीही गोष्ट करू नये.' घटनेच्या अभ्यासकांनीही थक्क व्हावे असे ते कलम होते.

आमच्या चौघांना नावे असली तरी ती कोणी वापरत नसे. एक सहकारी बँकेत नुकताच चिकटला होता, तो बँकर. एक कोर्टात एका वरिष्ठाच्या हाताखाली उमेदवारी करी, ते वकीलसाहेब. तिसरा औषधांच्या कंपनीचा प्रतिनिधी. मोटारसायकलवरून गावोगावच्या डॉक्टरांच्या दारात बसणे हा त्याचा उद्योग, म्हणून तो औषधराव. आणि मी अर्थातच मास्तर.

खरे तर मास्तर हा किताब माझ्या वडिलांचा. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत प्राथमिक शिक्षक होते. त्या एप्रिलात लोकसभेच्या निवडणुकीचे काम उरकून ते घरी आले आणि त्यांनी मला एक कार्ड टाकले. मजकूर थोडाच होता. 'यंदाची माझी ही शेवटची उन्हाळी सुटी. पुढच्या मार्चात अठ्ठावन्न पूर्ण होतील. तू पंधरा दिवस आलास तर बरे वाटेल. आंबा चांगला धरला आहे.'

मी ते कार्ड वाचले. म्हणजे 'पंधरा दिवस' आणि 'आंबा' एवढे वाचले. पहिल्या दोन वाक्यांवरून माझी नजर सुळकन घसरली. चोविसाव्या वर्षी माणसाला स्वतःची पहिली गोष्ट दिसते. दुसऱ्याची शेवटची दिसत नाही. मी उलट टपाली लिहिले, 'विद्यापीठाचे पेपर तपासण्याचे काम लागले आहे. शिवाय जूनअखेर नेटची परीक्षा आहे. येणे कठीण दिसते.'

यात अगदीच खोटे काही नव्हते. पेपर तपासायचे होते, पण आठ दिवस. पत्रात मी ते दीड महिना ताणले. नेटची परीक्षाही होती; नुसती पुस्तके मात्र उशाखालीच राहिली.

कारण ४ मे रोजी बुद्धपौर्णिमेची सुटी आली आणि त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होते. ते सिंहगडावरून पाहायचे, असे वकीलसाहेबांनी जाहीर केले. पीएमटीची बस धरून आम्ही पायथ्याच्या आतकरवाडीला उतरलो आणि ऊन कलल्यावर चढू लागलो. चढताना बँकर दर दहा पावलांना थांबून म्हणे, "तानाजी रात्री का चढला ते आता कळलं!" एका ओळखीच्या हॉटेलवाल्याच्या पडवीत पथारी पसरली. बारा वाजून गेल्यावर चंद्राची कड काळवंडू लागली आणि दीड वाजायच्या आत सगळे बिंब झाकून गेले. झाकले म्हणजे नाहीसे नाही झाले. घासून ठेवलेल्या तांब्याच्या घंगाळासारखे लाल होऊन टांगून राहिले. पृथ्वीच्या कडेच्या हवेतून गाळून आलेला सूर्याचा तांबडा उजेड तेवढा चंद्रावर पोचतो. म्हणजे त्या घटकेला पृथ्वीवर जिथे जिथे सूर्य उगवत आणि मावळत असतो त्या साऱ्यांची लाली तिथे जमा होते. हे मला माझ्या वडिलांनी लहानपणी अंगणात शिकवले होते. मी ते मित्रांना अगदी माझेच असल्याच्या थाटात सांगितले. तासभर कोणी बोलले नाही. मग औषधराव म्हणाला, "ग्रहणात खाऊ नये म्हणतात, पण भुकेचं काय?" आणि त्याने पुऱ्यांचा डबा उघडला. सकाळी पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही. पैसे बँकरने दिले आणि एका वहीत माझ्या नावावर मांडले. तिथून ती वही सुरू झाली.

त्यानंतर आमचा रविवार आणि सोमवार यांतला भेद मिटला. वकीलसाहेबांना पहिले स्वतंत्र काम मिळाले. एका भाडेकरूची नोटीस होती. फी आली दोनशे रुपये आणि त्याप्रीत्यर्थ आम्ही मस्तानी प्यालो तीनशे रुपयांची. औषधरावाचा वाढदिवस काकूंच्या सतराव्या कलमाला स्मरून गच्चीवर, आवाज न करता साजरा झाला. चार माणसांनी कुजबुजत गाणी म्हणणे किती अवघड असते ते त्या रात्री कळले. रविवारी संध्याकाळी खानावळ बंद, म्हणून दर रविवारी कुठे ना कुठे मेजवानी. पैसे नसलेला माणूस इतका खर्च करू शकतो, हे अर्थशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही.

मेच्या मध्याला एक दिवस काकूंनी खालूनच आरोळी दिली, "मास्तर, तुमच्या वडिलांचा फोन होता. स्वारगेटवर पाटणच्या गाडीच्या कंडक्टरकडून काहीतरी घ्यायचंय. आणि पुन्हा असले निरोप घ्यायला मी काही टपालखातं नाही."

औषधरावाच्या मोटारसायकलवरून दोन मोठ्या करंड्या आणल्या. वर गवत, खाली आंबे. हापूस नव्हेत, आमचे गावठी रायवळ. एकाला शेपूचा वास म्हणून तो शेपू, एक खोबऱ्याच्या चवीचा म्हणून खोबऱ्या, एक नुसता केशरी रसाचा गोळा म्हणून शेंदऱ्या. वडिलांनी प्रत्येक झाडाचे आंबे निरनिराळ्या कागदात बांधून वर नाव घातले होते. हजेरीपटावर घालावे तसे. आत चिठ्ठी होती: 'मित्रांना द्यावे. आढी उलथून पालथून पाहावी. एकदम खाऊ नयेत.'

आम्ही ते एकदमच खाल्ले. दीडशे आंबे पाच दिवसांत. काकूंना दोन डझन दिले, तेव्हा त्या आठवड्यापुरती सतरावी अट शिथिल झाली. कोयी खिडकीत वाळत पडल्या होत्या आणि हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते. 'मित्रांना द्यावे' हे शब्द मी वाचले. पण पेपर तपासणाऱ्या मुलाला दीडशे आंबे वाटायला मित्र कुठून आले असतील, असा विचार वडिलांनी केला असेल का, हे काही माझ्या डोक्यात आले नाही.

मेअखेरीस बँकरचे लग्न निघाले. मुलगी दापोलीकडची. एवढी घाई का, तर जूनच्या आरंभी शुक्राचा अस्त होता आणि अस्तात लग्ने करायची नाहीत. वरंध घाटातून एस.टी. उतरू लागली तेव्हा नवरदेवाचा चेहरा मावळणाऱ्या शुक्रासारखा झाला होता. लग्नघरी आम्ही तिघांनी पंक्ती वाढल्या, फणस फोडताना हात चिकाने माखून घेतले, रात्री समुद्रावर जाऊन वाळूत लोळलो आणि विहिणीच्या रागाचे निमित्त होता होता वाचलो. निघताना बँकर मला बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तर, वहीत तुझ्या नावावर आता तेराशे चाळीस झालेत. घाई नाही. पण वही बायकोच्या हाती जाणार आहे, हे लक्षात असू दे."

पुढच्याच शनिवारी, ५ जूनला, नवरदेवाला सोडून आम्ही तिघे राजमाचीला काजवे पाहायला गेलो. लोकलने लोणावळा आणि तिथून पायी पंधरा किलोमीटरच्या आसपास. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या पायथ्याशी उधेवाडी आहे. तिथे पोचेपर्यंत अंधार दाटला होता. आधी एक झाड चमकले. मग शेजारचे. मग सगळा उतारच एकदम उजळू लागला आणि एकदम विझू लागला, जणू कोणी एकच बटण दाबत होते. काजव्याचे पोर मातीत महिनोन् महिने गोगलगायी खाऊन वाढते आणि पंख फुटल्यावर दोन-तीन आठवडेच जगते. ते थोडे दिवस तो उजेड करतो, तोही जोडीदाराने पाहावे म्हणून. आणि त्या उजेडात उष्णता जवळजवळ नसतेच. आम्ही तळहातावर एक घेऊन पाहिला. हात गार होता.

८ जूनचा मंगळवार मी विसरणार नाही. त्या दिवशी शुक्र सूर्याच्या बिंबावरून सरकत जाताना दिसणार होता. लग्नांना ज्याचा अस्त आडवा आला तोच हा शुक्र. सूर्य आणि पृथ्वी यांच्यामध्ये आल्यामुळेच तो दिसेनासा झालेला. एरवी तो सूर्याच्या थोडा वरून किंवा खालून निघून जातो. नेमका मधून जाणे फार क्वचित. त्याआधी १८८२ साली गेला होता. २००४ साली जिवंत असलेल्या कोणाही माणसाने ते दृश्य पाहिलेले नव्हते. एका मैदानावर काही हौशी मंडळींनी दुर्बीण लावून सूर्याचे बिंब पांढऱ्या कागदावर पाडले होते. पावणेअकराच्या सुमारास त्या बिंबाच्या कडेला एक खळी पडली आणि हळूहळू एक काळाभोर, गोल ठिपका आत आला. ढग येत होते, जात होते. रांगेत उभे राहून आम्ही तो ठिपका पाचदा पाहिला. वकीलसाहेब म्हणाले, "एवढासा शुक्र, आणि त्याच्यासाठी किती लग्नं खोळंबली!"

आठवड्याने वडिलांचे पत्र आले. ते माझ्याजवळ अजून आहे. 'मंगळवारी शाळेच्या पटांगणात पोरांना शुक्र दाखवला. पाटणहून वेल्डिंगची चौदा नंबरची काच मागवून घेतली होती. सुटी असूनही सदतीस पोरे आली. प्रत्येकाला दोनदा दिसला. म्हाताऱ्यांनीही पाहिला. तू तपासणीच्या खोलीत असशील, तुला दिसला नसेल, म्हणून वाईट वाटले. हरकत नाही. पुढच्या वेळी, २०१२ साली, दोघे मिळून पाहू.'

ते पत्र वाचून मी कॉटवर बसून राहिलो. मला दिसला होता! पाचदा दिसला होता! पण ते लिहायचे तर मैदान लिहावे लागले असते. मैदान लिहायचे तर काजवे, काजवे लिहायचे तर दापोली, आणि मग सिंहगड. एक ठिपका कबूल करायचा तर सबंध उन्हाळा कबूल करावा लागत होता. मी लिहिले, 'पत्र पावले. नेटचा अभ्यास चालू आहे.'

नेट त्या जूनमध्ये अर्थातच सुटली नाही. डिसेंबरात पुन्हा बसलो आणि सुटली. पुढे कायम नेमणूक झाली. पहिल्या पगारातून बँकरचे तेराशे चाळीस फेडले. त्याच्या बायकोने पावती दिली आणि वर चहाही. वडील २००५ साली निवृत्त झाले. निवृत्त माणसाला सुटी नसते, हे मला तेव्हा प्रथम उमगले; रोजच सुटी असली म्हणजे सुटीची वाट कशाची पाहणार? त्यांच्या त्या शेवटच्या सुटीत त्यांनी माझी वाट पाहिली होती आणि शेवटी गावातली सदतीस पोरे गोळा करून तिचे सोने केले होते.

मी त्यांना सगळे सांगणार होतो. दर दिवाळीत सांगणार होतो. अशा गोष्टी सांगण्याजोगी वेळ येत नाही. आली तर पाहुणे आलेले असतात. वडील २०११ च्या डिसेंबरात गेले. ६ जून २०१२ रोजी सूर्य उगवला तोच शुक्राचा ठिपका अंगावर घेऊन. मी गच्चीवर गेलो नाही. आता पुढचे अधिक्रमण २११७ साली आहे.

ल जांती नावाच्या एका फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाची गोष्ट मी नंतर वाचली. १७६१ साली हाच ठिपका पाहायला तो पाँडिचेरीला निघाला. युद्धामुळे त्याला तिथे उतरता आले नाही आणि हेलकावणाऱ्या जहाजावरून काही मोजमाप घेता आले नाही. बिचारा आठ वर्षे इकडेच थांबला. १७६९ साली पाँडिचेरीत सगळी तयारी करून बसला, तर ऐन वेळी ढग. त्याची वर्गात गोष्ट सांगितली की मुले हसतात. मी हसत नाही. त्याला दुसऱ्या वेळी ठिपका दिसला नाही म्हणून त्याचा जन्म वाया गेल्यासारखा झाला. मला चांगला दिसला, आणि मी तो खिशात लपवून ठेवला.

तर हे सगळे आठवल्यामुळे मी फोन खाली ठेवला होता. पण कर्तव्य सुटत नव्हते. पुढच्या रविवारी भाचा जेवायला आला. आमरसाची तिसरी वाटी संपल्यावर मी शक्य तितक्या हलक्या आवाजात म्हणालो, "हे बघ, फिर, मजा कर. हेच वय आहे. पण आजीला गडबड आहे म्हणून सांगू नकोस. जे असेल ते सांग."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "आजीला? आजीला मी कुठं गडबड सांगितली? ती तुम्हांला सांगितली मामा. तुम्ही लगेच करिअरवर बोलायला लागता म्हणून."

सौभाग्यवतींनी पदराआड हसू लपवले.

"आजीला तर सगळे फोटो जातात," तो म्हणाला आणि त्याने मोबाईल पुढे केला. खरोखरच होते. कोकणकडा होता, केक होता, फेटा होता. खाली आईची बोलून पाठवलेली उत्तरे होती: 'कडेला जाऊ नकोस.' 'नवरी कुणाकडची?' 'फेटा नीट बांधलेला नाही, तुझ्या आजोबांना छान बांधता यायचा.'

"तिनंच मला नोकरीला लागलो तेव्हा बजावलंय," तो सहज सांगू लागला. "म्हणाली, यायला जमलं नाही तर येऊ नकोस. पण जिथं जाशील तिथलं सांगत जा. तुझ्या आजोबांना कुणी सांगत नव्हतं, म्हणून ते फार चुटपुटायचे. ते म्हणे म्हणायचे, पोर हिंडतंय याचं मला बरंच वाटतं, पण काय काय बघितलं ते कळलं असतं तर..." तो थांबला. "कोण सांगत नव्हतं मामा?"

"आंबा घे आणखी," मी म्हणालो.

त्या रात्री मी आईला फोन केला. म्हटले, "आई, तुला एक सांगायचंय. दोन हजार चार सालचं आहे." आणि मी सांगू लागलो. सिंहगड सांगितला, तांब्याचा चंद्र सांगितला, गच्चीवरचा मुका वाढदिवस सांगितला, दापोलीचे लग्न आणि राजमाचीचे काजवे सांगितले. ती मध्ये मध्ये "हं" म्हणत होती. वहीत मांडून घ्यावे तशी. शेवटी मैदानापाशी आलो आणि आवाज जरा बसला.

"म्हणजे दिसला होता तुला तो ठिपका?" तिने विचारले.

"दिसला होता. पाचदा."

पलीकडे क्षणभर काही आवाज नव्हता. मग ती म्हणाली, "एवढं तेव्हा लिहायचं होतंस. काच घेऊन पोरांना दाखवत होते, तरी दिवसभर म्हणत होते, पुण्यात ढग नसू देत. तुझं तपासणीचं काम आठ दिवसांचं, हे मास्तर माणसाला कळत नव्हतं होय?"

मला काही बोलता येईना. तिलाच माझी दया आली असावी. तिने विषय बदलला.

"बरं, ते आंबे? दीडशे पाठवले होते. मित्रांना दिलेस, की सगळे तूच संपवलेस?"

"दिले आई. काकूंनासुद्धा दिले."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "त्यांना तीच एक शंका होती."